काइन तायो : फिलिपिन्समधल्या सात महिन्यांत उमगलेला 'आपण'

भातखाचर (धागा सुरू करताना)

लॉस बान्योस हे फिलिपिन्सच्या लगुना प्रांतातले गाव भातपिकावर काम करणाऱ्यांना नावाने तरी ठाऊक असतेच. मकिलिंग पर्वताच्या पायथ्याशी १९६० साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था स्थापन झाली, १९६६ साली तिथूनच 'आयआर ८' हे बुटके आणि भरघोस उत्पन्न देणारे वाण बाहेर पडले, आणि तिथल्या जनुकपेढीत आज एक लाख तीस हजारांहून अधिक नमुने जपून ठेवलेले आहेत. माझी नोकरीची सारी वर्षे कोकणातल्या भातशेतीत गेली. त्यामुळे तिथे सात महिने राहण्याची संधी आली, तेव्हा मी अभ्यासायच्या वाणांची यादी घेऊन गेले आणि परतले ती एका सर्वनामाचा विचार करत.

पहिल्या आठवड्यात भाषेने मला धक्काच दिला. शेतात उभे असलेले आणि टरफलासकट घरी येणारे भात म्हणजे 'पालाय', सडलेला तांदूळ म्हणजे 'बिगास', आणि शिजून ताटात आलेला भात म्हणजे 'कानिन'. भांड्याच्या तळाशी धरलेली खरवड 'तुतोंग', रात्रीचा उरलेला भात 'बाहाव', त्यालाच सकाळी भरपूर लसूण घालून परतले की 'सिनांगाग', आणि आजाऱ्याला द्यायची पेज 'लुगाव'. या सगळ्याला इंग्रजीत एका शब्दावर भागवावे लागते. आपल्याला मात्र यातला एकही शब्द समजावून घ्यावा लागत नाही, कारण त्या प्रत्येकाच्या जागी आपल्या स्वयंपाकघरात एक शब्द आधीच ठेवलेला असतो. मी राहत होते त्या घरच्या आजी तुतोंग खरवडून नातवाला देत असत आणि तो त्यासाठी भावाशी भांडत असे, हे पाहताना आपण परक्या देशात आहोत याचा मला विसर पडे.

मात्र ज्या सर्वनामाविषयी लिहायचे आहे, ते मला एका 'सारी-सारी' दुकानात भेटले. सारी-सारी म्हणजे नाना प्रकारचे. घराच्याच दर्शनी खोलीत, जाळीच्या खिडकीआड थाटलेले हे दुकान जवळजवळ प्रत्येक गल्लीत असते. तिथे सगळे सुटे मिळते : शांपूची एक पुडी, लसणाची एक कुडी, छोट्या पिशवीत बांधलेले थोडेसे व्हिनेगर. या सुट्या विक्रीला 'तिंगी' म्हणतात. ज्याच्या हातात त्या दिवसाचीच मजुरी असते, त्याला बाटली परवडत नसली तरी पुडी परवडते. आमच्या गल्लीतले दुकान साठीच्या पुढच्या एक बाई चालवत. सगळे त्यांना 'नानाय', म्हणजे आई, म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. दुपारी मी साबण घ्यायला गेले तेव्हा त्या जेवत होत्या. मला पाहताच उठण्याआधी त्यांनी ताटाकडे हात केला आणि म्हणाल्या, "काइन तायो."

याचे भाषांतर प्रवासवर्णनांत 'या, जेवायला बसा' असे केलेले असते, पण शब्दश: ते 'आपण जेवू या' असे आहे. तागालोग या तिथल्या प्रमुख भाषेत आपल्यासारखीच दोन वेगळी सर्वनामे आहेत. 'कामी' म्हणजे आम्ही, ज्यात ऐकणारा येत नाही, आणि 'तायो' म्हणजे आपण, ज्यात ऐकणाराही असतो. इंग्रजीतून फिलिपिन्सकडे पाहणाऱ्याला हा भेद कानांनी कळत नाही, म्हणून तो 'आतिथ्यशील आणि हसतमुख लोक' असे लिहून पुढे जातो. आतिथ्यात एक यजमान असतो आणि एक पाहुणा. नानायच्या वाक्यात पाहुणा नव्हताच. समोर आलेला माणूस जेवणाच्या वाक्यात आधीच धरलेला होता. मराठी माणसाने हा देश पाहावा असे मला वाटते ते यासाठीच, कारण हे वाक्य आपल्याला अनुवादाशिवाय ऐकू येते.

त्यानंतर मला हा 'तायो' ठिकठिकाणी दिसू लागला. जीपनीचेच घ्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे सोडलेल्या जीपगाड्या लांबवून तिथल्या कारागिरांनी ही वाहने घडवली. आत समोरासमोर दोन लांब बाकडी असतात आणि चढायचे मागून. वाहक नसतो. सर्वांत मागे बसलेला माणूस नाणी पुढे करतो, "बायाद पो", म्हणजे हे भाडे, असे म्हणतो, आणि ती नाणी सहा-सात अनोळखी हातांतून चालकापर्यंत पोहोचतात, आणि सुटे पैसेही त्याच हातांतून परत येतात. एका संध्याकाळी मी मधल्या जागी बसले होते आणि माझ्या तळहातातून साधारण वीस जणांचे भाडे गेले. एका शाळकरी मुलीची नोट पुढे देताना मी तिच्याकडे पाहिलेही नव्हते, पण उरलेले पैसे आले तेव्हा समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी ते मोजले, मान हलवली आणि माझ्या हातावर ठेवून ओठांनी तिच्या दिशेला खूण केली. दिशा दाखवायला तिथे बोटाऐवजी ओठ पुढे करतात. 'पो' हा शब्द आदरासाठी वाक्यात येतो, आपण 'हो' किंवा 'जी' जोडतो तसा. उतरायचे असले की "पारा पो" असे म्हणायचे. वडीलधाऱ्यांच्या हाताची मागची बाजू कपाळाला टेकवून 'मानो पो' म्हणण्याची रीत तर मी रोज पाहत होते, आणि एकदा घरमालकिणीच्या सहा वर्षांच्या नातीने माझा हात तसा कपाळाला लावला तेव्हा माझे डोळे भरून आले.

उत्तरेकडच्या इफुगाव प्रांतातल्या बाताद गावी चार दिवस राहिले, त्याविषयी लिहिल्याशिवाय माझे लिहिणे पुरे होणार नाही. डोंगराच्या अर्धगोलात पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली भाताची खाचरे, त्यांना दगडी बांध, आणि प्रत्येक पायरीत उभे पाणी. कॉर्डिलेरा पर्वतरांगेतल्या अशा पाच समूहांना १९९५ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. या खाचरांचे रहस्य खाचरांत नसून त्यांच्या वरच्या रानात आहे. त्या राखलेल्या रानाला 'मुयोंग' म्हणतात. ते कुटुंबाचे असते, पण ते तोडले तर खालच्या सर्वांचे पाणी आटते, म्हणून तोडण्याचा विचार एकट्याने करायचा नसतो. 'तिनावोन' हे तिथले वर्षातून एकदाच येणारे भात लोंबी-लोंबीने हाताने कापून जुड्या बांधतात. कापणीच्या वेळी 'हुदहुद' ही दीर्घ गाणी म्हणायची परंपरा आहे, आणि ती सांगणारी बहुधा एखादी वयस्कर स्त्री असते. आपल्याकडची भलरी मी लहानपणी ऐकली आहे, त्यामुळे बातादच्या बांधावर बसून एका आजीबाईंनी म्हटलेल्या चार ओळींचा अर्थ कळला नाही तरी त्या कशासाठी म्हणतात हे कळले.

आपणांपैकी कोणी त्या देशात राहिले असेल, किंवा तिथल्या माणसांबरोबर काम केले असेल, तर अवश्य लिहावे.

दर्यावर्दी

ताई, फार मनापासून लिहिले आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यातला, बावीस वर्षे व्यापारी जहाजांवर काढली. जगातल्या जहाजांवर सर्वाधिक संख्येने असणाऱ्या खलाशांत फिलिपिनो येतात, त्यामुळे मी त्यांचा देश फार थोडा आणि माणसे पुष्कळ पाहिली. 'काइन तायो' हे वाक्य मी मेसमध्ये हजारो वेळा ऐकले. माझ्या पहिल्याच फेरीत उलट्यांनी हैराण होऊन मी दोन दिवस पडून होतो, तेव्हा त्यांच्यातला वयाने मोठा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, 'लुगाव' घेऊन माझ्या केबिनच्या दाराशी उभा राहिला. आले घातलेली ती पेज आणि माझ्या आजीची पेज यांत चवीचा फरक होता, देण्यात नव्हता. कोणाचाही वाढदिवस असला की आचारी 'पान्सित' म्हणजे शेवया करत असे आणि त्या तोडायच्या नाहीत, कारण लांब शेवया म्हणजे दीर्घ आयुष्य. माझा वाढदिवस मी कोणाला सांगितला नव्हता. त्यांनी तो खलाशांच्या यादीतून शोधून काढला होता.

एक भर घालतो. त्यांच्या 'बांका' या होडीला दोन्ही बाजूंना बांबूची 'कातिग', म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला तरंगणारा आधार, असते. कोकणातल्या होडीला एका बाजूला असते तिला आपण उलांडी म्हणतो. सेबू बेटाच्या किनाऱ्यावर ती प्रथम पाहिली तेव्हा मी एका कोळ्याला खुणेने विचारले की दोन कशाला. त्याने वाऱ्याकडे हात केला. त्या समुद्रातली वादळे पाहिल्यावर मला उत्तर पटले.

ताम्रपट

भातखाचर यांनी भाषेचा विषय काढला आहे म्हणून त्यांच्याच लगुना प्रांतातली एक गोष्ट सांगतो, जी मराठी वाचकाला विशेष जवळची वाटेल. १९८९ साली लुंबांग नदीच्या मुखाजवळ वाळू उपसताना एक काळवंडलेला पातळ ताम्रपट सापडला. अंतोन पोस्त्मा या डच अभ्यासकांनी तो वाचला. लिपी कावी, म्हणजे जावा बेटावरची जुनी लिपी, भाषा प्रामुख्याने प्राचीन मलय, आणि आरंभ असा : स्वस्ति, शकवर्ष ८२२, वैशाख मास, चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. म्हणजे इसवी सन ९०० मधला २१ एप्रिल. आपल्या इकडे राष्ट्रकूटांचे राज्य असताना आणि ताम्रपट 'स्वस्ति' म्हणून सुरू होत असताना, मनिलाच्या उपसागराजवळचा लेखनिकही शके घालून तिथी लिहीत होता. फिलिपिन्समध्ये सापडलेला हा सर्वांत जुना कालनिर्देशित लेख मानला जातो आणि तो मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

त्याहून हृद्य आहे तो मजकूर. तो राजाच्या विजयाचा नाही. नामवारान नावाच्या माणसावरचे सोन्याचे कर्ज फिटले असून तो आणि त्याचे वंशज त्यातून मुक्त आहेत, असे ते मुक्तिपत्र आहे, आणि आसपासच्या ठिकाणांच्या प्रमुखांची नावे त्यात साक्षीसाठी घातली आहेत. पुढे कोणी या कुटुंबाला ऋणको म्हणू नये, एवढ्यासाठी तांब्यावर लिहून ठेवलेला हा दाखला आहे. तागालोगमध्ये आजही शिक्षकाला 'गुरो', चेहऱ्याला 'मुखा', रानातल्या अप्सरेसारख्या देवतेला 'दिवाता' म्हणतात, आणि 'आसावा' हा शब्द पती व पत्नी दोघांनाही सारखाच लागतो. या शेवटच्या शब्दाचे मला फार अप्रूप आहे.

रोखठोक

लेख सुंदर आहे, पण मला एक बाजू मांडणे आवश्यक वाटते. मी आखातात अकरा वर्षे नोकरी केली. तिथे रुग्णालयांत, दुकानांत, घरांत काम करणाऱ्या फिलिपिनो स्त्रियांना मी जवळून पाहिले आहे. सुमारे एक कोटी फिलिपिनो देशाबाहेर आहेत, आणि १९७४ च्या कामगार संहितेपासून माणसे परदेशी पाठवणे हे तिथल्या शासनाचे धोरणच झाले. त्यांनी पाठवलेला पैसा वर्षाला तीस अब्ज डॉलरच्या पुढे जातो. माझ्या शेजारच्या घरात काम करणाऱ्या बाई दुसऱ्याचे मूल सांभाळत होत्या आणि स्वत:च्या मुलाला फोनच्या पडद्यावर मोठे होताना पाहत होत्या. त्या वर्षभर एका मोठ्या खोक्यात साबण, चॉकलेटे, टॉवेल, मुलाचे बूट साठवत. त्याला 'बालिकबायान' खोके म्हणतात. एकदा खोके पाठवायला उशीर झाला आणि बुटांचे माप लहान पडले. त्या संध्याकाळी त्या जिन्यात बसून रडल्या.

'आपण' या शब्दाचे कौतुक करताना हे विसरून चालणार नाही. ८ नोव्हेंबर २०१३ रोजी हैयान वादळाने, ज्याला तिथे योलांदा म्हणतात, ताक्लोबान उद्ध्वस्त केले आणि सहा हजारांहून अधिक माणसे गेली, तेव्हा जगाने त्यांच्या चिवटपणाची स्तुती केली. तिथलेच अनेक लोक तेव्हापासून म्हणत आले आहेत की आमच्या सोसण्याचे गोडवे गाऊ नका, निवारे आणि बंधारे उभारा. शिवाय 'काइन तायो' हे पुष्कळदा केवळ सौजन्याचे वाक्य असते. समोरच्याने नाही म्हणायचे असते, हे त्याला आणि म्हणणाऱ्याला दोघांनाही माहीत असते. मग त्यावर एवढा अर्थ लादावा का, असा माझा प्रश्न आहे.

दावाओतली आई

माझी मुलगी फिलिपिन्समधल्या दावाओला वैद्यकीय शिक्षण घेते, म्हणजे मी तशी नागपूरची, पण गेली साडेचार वर्षे मन तिकडेच असते. रोखठोक यांचा मुद्दा खरा आहे. मुलगी जिथे राहते त्या घरच्या 'तिता', म्हणजे मावशी, यांची मोठी मुलगी हाँगकाँगला घरकाम करते, आणि त्या आपल्या नातवंडांना वाढवतात. पण त्याच तितांविषयी मला लिहायचे आहे.

आम्ही शाकाहारी, आणि फिलिपिन्समध्ये भाजीतही सुकी मासळी किंवा डुकराचे मांस असते. पहिला महिना मुलीने पाव आणि केळ्यांवर काढला. तितांच्या लक्षात आले, पण त्या काही बोलल्या नाहीत. शुक्रवारी तिथे पुष्कळ घरांत मुगाची आमटी करतात. 'मुंगो' म्हणतात तिला, आणि तीत 'मालुंगाय' म्हणजे शेवग्याचा पाला घालतात. तितांनी मूग शिजले की, मासळी टाकण्याआधी, एका छोट्या पातेल्यात दोन डाव काढून झाकून ठेवायला सुरुवात केली. गेली चार वर्षे दर शुक्रवारी ते पातेले वेगळे निघते. त्यासाठी त्यांनी डावही वेगळा ठेवला आहे, त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधून, म्हणजे घरातल्या कोणाच्या हातून चुकून उष्टावला जाऊ नये. हे मला मुलीने फोटो पाठवला तेव्हा कळले. सांगितले कोणीच नव्हते.

एक कटू गोष्टही आहे. भारतीयांना तिथे सरसकट 'बुंबाय' म्हणतात, आपल्या मुंबईच्या जुन्या नावावरून. फार वर्षांपासून पंजाबी लोक तिथे मोटारसायकलवरून फिरून व्याजाने पैसे देतात, पाच घेऊन सहा परत करायचे, म्हणून त्या धंद्याला 'पाच-सहा' असेच म्हणतात. त्यामुळे 'रडलास तर बुंबाय नेईल' असे म्हणून मुलांना घाबरवतात. माझ्या मुलीला बाजारात एका भाजीवालीपाशी एका लहान मुलाने तसे म्हटले तेव्हा ती दुखावली. दुसऱ्या दिवशी तिता तिला घेऊन त्याच भाजीवालीकडे गेल्या, मोठ्या कांद्यांकडे बोट दाखवून तिला म्हणाल्या की यालाही बुंबाय कांदाच म्हणतात आणि त्याच्याशिवाय तुझा एकही पदार्थ होत नाही. भाजीवाली हसली आणि मुलीच्या पिशवीत तिने एक कांदा टाकला.

ताम्रपट

रोखठोक यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाला जोडून दोन गोष्टी. बातादच्या खाचरांना पूर्वी दोन हजार वर्षांची म्हणत. अलीकडच्या उत्खननांवरून मात्र अनेक पुरातत्त्वज्ञांचे मत असे झाले आहे की तिथली मोठ्या प्रमाणावरची पाणभाताची खाचरे स्पॅनिश आल्यानंतरची, म्हणजे सुमारे चारशे वर्षांपूर्वीची आहेत, आणि सपाटीवरून डोंगरात आसरा घ्यायला आलेल्या लोकांनी ती झपाट्याने रचली. मला यात त्या लोकांचा मान वाढलेलाच दिसतो, कारण इतक्या थोड्या काळात डोंगर कोरायचा तर सगळ्या गावाचे हात एकदम लागले असले पाहिजेत.

दुसरी गोष्ट एप्रिल २०२१ मधली. टाळेबंदीने रोजगार बुडाले होते तेव्हा क्वेझॉन सिटीच्या मागिनहावा रस्त्यावर एका तरुणीने बांबूच्या गाड्यावर थोडे तांदूळ, भाज्या, डबाबंद अन्न ठेवले आणि पुठ्ठ्यावर लिहिले की ऐपतीप्रमाणे द्या, गरजेप्रमाणे घ्या. थोड्याच दिवसांत देशभर असे गाडे उभे राहिले. शेतकऱ्यांनी रताळी आणली, कोळ्यांनी मासे आणले. शासनाने निवारे बांधलेच पाहिजेत, हे रोखठोक यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. पण हा 'आपण' केवळ सौजन्याचा असता तर तो त्या गाड्यावर दिसला नसता.

दर्यावर्दी

रोखठोक, तुम्ही लिहिलेला जिना मी जहाजावर पाहिला आहे. बंदरात नेटवर्क मिळताच डेकवर एका रांगेत बसलेली माणसे, प्रत्येकाच्या फोनमध्ये एक मूल. पण त्यातल्या एकाच्या मुलीचा पहिला दात पडला की ती बातमी सगळ्या जहाजाची होई. मला आजही त्या मुलीचे वय आठवते. यंदा ती एकोणीस वर्षांची झाली असेल.

भातखाचर

सर्वांचे मनापासून आभार. रोखठोक यांचा प्रश्न योग्य आहे आणि त्याला मी टाळू इच्छित नाही. 'काइन तायो' याला 'सिगे पो, बुसोग पा आको', म्हणजे असू दे, माझे पोट भरलेले आहे, असे उत्तर द्यायचे असते, ही रीत मला नंतर एका सहकारी बाईंनी समजावून सांगितली. पण त्या दिवशी ती मला ठाऊक नव्हती. मला फक्त 'आपण' ऐकू आला, आणि मी चप्पल काढून आत गेले व नानायच्या समोर बसले.

त्यांच्या ताटात भात होता, 'तुयो' म्हणजे खारवलेले दोन सुके मासे होते, आणि व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या टोमॅटोच्या फोडी. दुसरे काही नव्हते, आणि घरात दुसरे काही शिजलेले नाही हे चूल पाहून कळत होते. नानाय क्षणभरही थबकल्या नाहीत. त्यांनी दुसरे ताट घेतले, भाताच्या मधोमध बोटांनी रेघ ओढली आणि अर्धा माझ्याकडे सारला. दोन माशांतला मोठा मला दिला, आणि त्याचे डोके मोडून पुन्हा स्वत:च्या ताटात घेतले, कारण पाहुणीला काटा टोचेल असे त्यांना वाटले असावे. आम्ही दोघी हातानेच जेवलो. मधे दोनदा गिऱ्हाईक आले आणि दोन्ही वेळा त्यांनी जाळीतून पुडी देताना त्यालाही तेच दोन शब्द म्हटले. दोघांनीही रीतीप्रमाणे नकार दिला.

रीत कळल्यावर मी ओशाळून दुसऱ्या दिवशी घरून आणलेल्या चिक्कीची दोन पाकिटे घेऊन गेले. प्रवासाहून आणलेल्या खाऊला तिथे 'पासालुबोंग' म्हणतात आणि तो कोणी नाकारत नाही. नानायनी एक वडी तोडून चाखली. उरलेल्या सगळ्या चिक्कीचे तुकडे करून त्यांनी दुकानाच्या खिडकीतल्या बरणीत भरले. संध्याकाळी मी परतताना पाहिले तर गल्लीतली मुले जाळीपाशी उभी होती आणि त्या एकेकाच्या तळहातावर एकेक तुकडा ठेवत होत्या. त्या बरणीवर किंमत लिहिलेली नव्हती.